पुढे चालणारे, मागे जेवणारे

गेल्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्यात एका वर्गमित्राच्या बहिणीचे लग्न होते. नवरदेवापुढे बँड होता आणि बँडात ट्रॉम्बोन वाजवीत होते माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. बाहेरगावच्या एका मित्राने विचारले, "ती लांब नळी ओढतो तो कोण रे? तुझ्याकडे पाहून हसला." मी म्हणालो, "माहीत नाही."

या उत्तराची लाज मला आजही वाटते. पण प्रश्न माझ्या एकट्याच्या लाजेचा नाही. एखादे वाद्य हलके कशामुळे ठरते, हा खरा प्रश्न आहे.

ट्रॉम्बोनचे कुळ पाहू जाता ते मुळीच हलके नाही. युरोपात पंधराव्या शतकापासून हे वाद्य वाजते आहे. रोममधील एका चर्चच्या भिंतीवर फिलिप्पीनो लिप्पी या चित्रकाराने १४८८ ते १४९३ या काळात काढलेल्या चित्रात ते चक्क देवदूताच्या हाती आहे. पुढे मोझार्टने १७८७ च्या आपल्या 'डॉन जिओव्हानी' या संगीतनाटकात मृताचा पुतळा बोलू लागतो तेथे ट्रॉम्बोन योजला. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत, १८०८ साली, तो थेट शेवटच्या भागात येतो आणि विजयाचा घोष करतो. आपल्याकडे इंग्रजी फौजांच्या बँडांबरोबर पितळी वाद्ये आली आणि हळूहळू लग्नाच्या मिरवणुकीत शिरली.

कोणी म्हणेल, वाद्य परदेशी, आपल्या संगीताशी त्याचा काय संबंध? माझ्या मते संबंध फार जवळचा आहे. ट्रॉम्बोनची नळी आतबाहेर सरकते, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येते. यालाच आपण मींड म्हणतो. पेटीला मींड काढता येत नाही. त्यासह इतर कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदीही घातली होती. ती पुढे उठली आणि आज पेटीवाचून बैठक भरत नाही. व्हायोलिनही परदेशीच, पण त्याला गादीवर जागा मिळाली. ट्रॉम्बोन मात्र रस्त्यावरच राहिला. नळीच्या मुख्य जागा सात. पण तिच्यावर खुणा नसतात. मोठे बाबांना नोटेशन वाचता येत नाही. दोनतीनदा गाणे ऐकतात आणि वाजवितात. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "खुना नळीवर नसतात बाबू, कानात असतात."

तेव्हा उणीव वाद्यात नाही, वाजविणाऱ्याला आपण कोठे बसवितो त्यात आहे. सनईसुद्धा दारातले, देवळातले वाद्य होते. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ते मैफलीत नेले आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. पण हलगी, सनई, बँड वाजविणारे गावोगाव बहुधा त्याच ठराविक जातींचे आणि गरिबाघरचे. त्यांनी वरातीच्या पुढे चालायचे आणि पंगतीत शेवटी बसायचे, हा आपला रिवाज. सिनेमाच्या संगीतात तरी काय झाले? राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ब्लास्को मोन्सोराते यांनी ट्रॉम्बोन वाजविला. ती गाणी आपण सारे गुणगुणतो, नाव किती जणांना ठाऊक आहे?

१७२४ मध्ये याच साखरखेर्ड्याजवळ निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला. दोघांची नावे इतिहासात आहेत. त्या काळी फौजांबरोबर नगारे आणि कर्णे वाजत; ते वाजविणाऱ्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तीनशे वर्षांत आपण यात किती बदललो?

आता डीजेच्या भिंती आल्या आणि बँडवाल्यांची सुपारी कमी झाली. आणखी काही वर्षांनी आपण या कलेवर हळहळत बसू, परिसंवाद भरवू. त्यापेक्षा आजच एक साधी गोष्ट करावी, अशी माझी प्राध्यापकांना व विद्यार्थी मित्रांना विनंती आहे. स्नेहसंमेलनात एक संध्याकाळ गावच्या बँडला द्यावी. मिरवणुकीसाठी नव्हे, ऐकण्यासाठी. वादकांना खुर्च्या द्याव्यात, प्रत्येकाचे नाव माइकवरून सांगावे आणि जेवणाची पहिली पंगत त्यांची असावी.

ट्रॉम्बोन वाजविणाऱ्याचा परिचय मी करून देईन. ते उत्तर माझ्याकडे राहून गेले आहे.