खाटेपुरता विमा

सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत देण्याची योजना केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावात शेतकऱ्याला भविष्य निर्वाह निधी नसतो आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकण्याची पाळी येते. तेथे हा दिलासा लहान नाही.

परंतु रुग्ण खाटेवर पडला तरच हा विमा कामास येतो. दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढीच त्याची बाहेरची धाव. वार्धक्याचा खर्च मात्र रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांच्या रूपाने दरमहा येतो. आरोग्य केंद्रात गोळी मिळाली तर ठीक. एरवी श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये औषधाच्या दुकानातच संपावयाचे. अंथरुणाला खिळलेल्या सासूपायी सुनेची बुडालेली मजुरी तर कोणत्याच हिशेबात नसते.

या बाबतीत जपानचा अनुभव बोलका आहे. तेथे १९७३ साली सत्तरीवरील बहुतेकांचे उपचार मोफत झाले. घरी शुश्रूषेची सोय नसल्याने वृद्ध महिनोन्‌महिने रुग्णालयातच राहू लागले, खर्च आवरेना, आणि १९८३ मध्ये ती मोफत सवलत मागे घ्यावी लागली. अखेर २००० साली शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरावयाचा. वापरणाऱ्याचा हिस्सा वगळता निम्मा भार सरकारी तिजोरीवर. अमेरिकेने वृद्धांचा आरोग्यविमा १९६५ मध्ये केला, पण घरी घ्यावयाच्या औषधांचा त्यात समावेश व्हावयास २००६ साल उजाडले. ब्रिटनमध्ये १९४८ पासून उपचार करांतून होतात; घरच्या शुश्रूषेसाठी मात्र इंग्लंडमध्ये आजही ऐपत तपासली जाते.

जपानी पगारदाराचा हप्ता पगारातून कापता येतो. ऊसतोड मजुराचा कशातून कापणार? साखरपट्ट्याला उसाच्या बिलातील कपात नवी नाही, आणि तिच्याविषयीची कुरकुरही नवी नाही. बागायतदाराकडून टनामागे काही घेता येईल. भूमिहीनाचा हप्ता मात्र शासनानेच भरावा लागेल. ती व्यवस्था उभी राहीपर्यंत सत्तरीच्या कार्डावर निदान दरमहाची औषधे तरी मिळावीत. गोळ्या वेळेवर घेतल्या तर पक्षाघाताचा धोका कमी होतो, आणि पक्षाघात झालाच तर पाच लाखांच्या त्याच विम्यातून पैसे जावयाचे आहेत.