कूलर कुठे लावायचा?

मे महिन्यात जड ओढकाम करणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स तापतो, ही तक्रार नवी मुंबईला नवी नाही. तिच्यावर सुचवला जाणारा उपाय मात्र अलीकडचा आहे: गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवा, आणि आधीच असेल तर त्याहून मोठा घ्या. उपाय चुकीचा नाही. पण ‘केवढा घेऊ?’ असं विचारणारे दहा भेटतात, ‘कुठे लावू?’ विचारणारा एखादाच. आणि या दोन्ही प्रश्नांच्या आधीचा जो प्रश्न, की मुळात उष्णता तयार कुठे होते, तो तर कुणीच विचारत नाही.

न्हावा-शेव्याचंच उदाहरण घ्या. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातून आता वर्षाकाठी, वीसफुटी कंटेनरच्या मापात, ७० लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा होते. काही माल रेल्वेने जातो, पण उरणपासून कळंबोलीपर्यंतचे रस्ते बघितले की ट्रेलरांचा वाटा किती मोठा ते सांगावं लागत नाही. या ट्रेलरांना ओढणारे घोडे बहुतेक हाताने गिअर टाकायचे. त्या गिअरबॉक्समध्ये दाताला दात भिडलेला असतो. एका जोडीमागे शक्तीचा एक-दोन टक्का वाया जातो, आणि तेवढी उष्णता तेलातून लोखंडी कवचात आणि कवचातून हवेत आपसूक निघून जाते. इथे सहसा वेगळा कूलर लागतच नाही. नव्या गाड्यांत क्लचचं पेडल गेलं आहे, गिअर यंत्रच बदलतं. पण आत क्लच प्लेट जुन्याच पद्धतीची आहे, फक्त ती दाबण्याचं काम पायाऐवजी संगणकाकडे गेलं आहे. करळ फाट्याच्या रांगेत गाडी फूटफूट पुढे सरकते तेव्हा घासते ती ही प्लेट, आणि ती तेलात नसते, कोरडी असते. केबिनमध्ये जळका वास येतो तो तिचा. तेलाचा कूलर दुप्पट केला तरी या प्लेटीला त्याचा पत्ता लागणार नाही. तिला हवी असते उसंत.

तेलाचा कूलर खऱ्या अर्थाने लागतो तो टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांना. त्यात इंजिनाकडचं चक्र तेल भिरकावतं आणि त्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचं चक्र फिरतं. मध्ये लोखंडाचा सांधा नाही, फक्त तेल. दोन चक्रांच्या वेगात फरक पडला की शक्तीचा मोठा हिस्सा तेल घुसळण्यातच जातो, आणि तेल तापतं. वेगात आल्यावर ही चक्रं एकमेकांशी जखडली जातात आणि प्रश्न मिटतो. पण मागे ओझं, समोर चढ आणि वेग वीसचा, अशा वेळी ती सहसा जखडली जात नाहीत. ऑटोमॅटिक पिकअपला ट्रॉली जोडून घाट चढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते ९५ अंशांत सुखी असतं. त्याच्या वर दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात.

या बाबतीत द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डांकडे बघण्यासारखं आहे. तिथले रीच स्टॅकर भरलेला कंटेनर उचलून चार-दोन गाडीलांबी पुढे-मागे करत राहतात. त्यांच्यातही टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि काम दिवसभर उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर. धावण्याचा वारा त्यांना कधी मिळतच नाही. म्हणून त्यांचा कूलर आखताना वाऱ्याचा हिशेबच धरत नाहीत. मोठा पंखा, त्याच्यासमोर मोकळी जाळी, संपलं. रस्त्यावरच्या गाडीवाल्याने नेमकं हेच उचलायला हवं. पनवेल-उरण पट्ट्यात गाडी तापते ती धावताना कमी, रांगेत आणि चढावर जास्त. मग धावण्याच्या वाऱ्यावर भिस्त ठेवून लावलेला कूलर ऐन गरजेच्या वेळी रिकामटेकडा बसून राहतो.

आता जागेबद्दल. गाडीच्या तोंडाशी आधीच गर्दी असते: एसीचा कंडेन्सर, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर, आणि मागे इंजिनाचा रेडिएटर. तेलाचा कूलर सगळ्यांच्या पुढे लावला तर त्याला सर्वांत गार हवा मिळते, पण तोच आपली उष्णता मागच्यांवर ओततो. सगळं तोंड व्यापणारा मोठा कूलर लावला आणि गिअरबॉक्स वाचून इंजिन उकळू लागलं, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. त्यापेक्षा बेताच्या आकाराचा, थराथराच्या पत्र्यांचा कूलर एका बाजूला, स्वतःच्या विजेच्या पंख्यासह लावावा. कडेच्या फटी रबराने बुजवाव्यात, नाहीतर मागची तापलेली हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. तेल आधी रेडिएटरच्या टाकीतून आणि मग कूलरमधून जावं, म्हणजे गिअरबॉक्समध्ये परतताना ते शेवटी गार झालेलं असतं. बंपरखालची जागा रिकामी दिसते म्हणून मोहाची; पावसाळ्यात कळंबोलीच्या सखल रस्त्यांवरचा चिखल आणि खड्डे तिथेच भेटतात. आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीतून आरपार ओवून कूलर बांधायची जी स्वस्त रीत आहे, ती सोडून द्यावी. हादऱ्यांनी पट्टी जाळी कापते, आणि गळतं ते महागडं तेल. कूलर लोखंडी पट्टीच्या कंसावरच बसवावा.

बसवून झालं की आपण त्याच्यापुढे काय-काय लावतो तेही बघावं. जादा हॉर्न, धुक्याचे दिवे, संघटनेची पाटी, दसऱ्याला झेंडूचं तोरण. लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले, तरी दिसतातच. खाडीची खारी हवा आणि दगडखाणींची धूळ मिळून जाळीवर जो लेप देतात तो वेगळाच. महिन्याकाठी आतून बाहेर हलक्या पाण्याने जाळी धुणं, हे नव्या कूलरइतकंच कामाचं आहे आणि फुकट आहे.

खरी परीक्षा मात्र बोरघाटात. ४० टनांची गाडी खोपोलीहून वर सुमारे साडेपाचशे मीटर चढते, तेव्हा नुसत्या उंचीपोटी ६० युनिट विजेइतकी ऊर्जा खर्ची पडते. १८६३ साली रेल्वे हा घाट चढू लागली; आजही कर्जतला तिच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात. ट्रकला मागून ढकलणारं कुणी नाही. आणि उतरताना तीच ६० युनिटं कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडायलाच हवीत. उतारावर वेग आवरणारा रिटार्डर असलेल्या गाडीत ती तेलातून पाण्यात आणि पाण्यातून रेडिएटरमध्ये जातात. इंजिनाचे फेरे चढे ठेवले, म्हणजे खालचा गिअर धरला, तरच पाण्याचा पंप आणि पंखा ती झेलू शकतात. चार थेंब डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारा चालक ती सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रमांवर टाकतो. त्याचा परिणाम काय होतो हे खोपोलीकरांना वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात चालकाचं काय, हा विचार आपल्याकडे उशिरा आला. नागपूरच्या ४५ अंशांपुढे नवी मुंबईचे ३५-३६ अंश यंत्राला बरे. तेलाच्या कूलरला हवेतल्या दमटपणाशी कर्तव्य नसतं. माणसाचं उलट. त्याचा कूलर घामाचा, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. तरीही ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला २०२५ उजाडलं, कारण तोवर ‘किंमत वाढेल’ ही सबब पुरत होती. सक्तीही नव्या गाड्यांना. जुन्या घोड्यांत चालक अजून इंजिनाच्या धगीवरच बसतो. त्यांत मागाहून एसी बसवायचा तर त्याचा कंडेन्सर सहसा तोंडाच्या त्याच गर्दीत घुसवला जाईल, आणि तेलाचं कारण सांगून मालक एसीलाच नकार देईल. कंडेन्सर टपावर किंवा केबिनच्या पाठीला लावता येतो. तेव्हा ही सबब कुणी ऐकून घेऊ नये.

बंदराने ट्रेलरांसाठी मध्यवर्ती पार्किंग प्लाझा उभारला आहे. इंजिन बंद करून थांबता येतं, नंबर आला की निघता येतं: क्लच प्लेटीसाठी याहून चांगला कूलर बाजारात मिळत नाही. तो प्लाझा आणि बंदराचं गेट यांच्यामधली सरकती रांग आखूड करणं मात्र गॅरेजवाल्याच्या हातात नाही, ते बंदर, सीमाशुल्क आणि वाहतूक पोलिस यांनी बसून ठरवायचं आहे.

गाडीमालकाने मोठ्या कूलरचे पैसे मोजण्याआधी तेलाच्या नळीवर एक तापमानाचा काटा बसवावा. मेच्या दुपारी भरली गाडी खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत न्यावी, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी करळच्या रांगेत तासभर उभी करावी. दोन्हीकडे काटा कुठे जातो ते लिहून ठेवावं, आणि तो कागद घेऊनच कूलर आणायला जावं.