पुसू नका, हेही सांगावं लागतं...

मंडळी, १५ जानेवारी २०२६ ला आमच्या मीरा-भाईंदर महापालिकेचं मतदान झालं. गुडघे कुरकुरत होते, तरी सकाळीच जाऊन आलो. प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं दिली. बीप वाजला आणि मी सवयीने बाजूला बघत राहिलो... ती सात सेकंद दिसणारी चिठ्ठी कुठे? नव्हतीच. बहुसदस्यीय प्रभागांत व्हीव्हीपॅटची सोय नाही, असं राज्य निवडणूक आयोगाने आधीच सांगितलं होतं. पेपरात वाचून मीच विसरलो होतो.

घरी येऊन नातवाला फोन लावला. तो पुण्यात यंत्रांत बसवायच्या चिपांचं काम करतो. "अरे, माझं मत आता आहे कुठे?"

"कंट्रोल युनिटच्या मेमरीत, आजोबा. बॅटरी काढली तरी राहतं."

"आणि तिथे कोणी खाडाखोड केली तर?"

पुढचं त्याचं निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं. जे कळलं ते असं. मेमरीला कुलूप घालता येतं, म्हणजे बाहेरून कोणी लिहू शकत नाही आणि वाचूही शकत नाही. चोरापासून रक्षण झालं, पण तपासनीसही बाहेरच राहिला! म्हणून कुलपाबरोबर खूणही ठेवावी लागते. आतल्या मजकुरावरून गणिताने एक आकडा काढायचा. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. आकडा आधी जाहीर करायचा आणि नंतर कोणीही पडताळून बघायचा. आमच्या आयोगांना कुलूप फार प्रिय आहे. पडताळणीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या!

हे मी हवेत बोलत नाही. नोकरीत असताना निवडणुकीच्या ड्युट्या केल्या आहेत, आधी लाखेच्या मोहोरांच्या पेट्या आणि नंतर यंत्रं. पेटी फोडली की कागद सगळ्यांसमोर पडायचे, एजंट मान वाकडी करून बघायचे. कमी शिकलेल्या माणसालाही कळेल अशी ती तपासणी होती. (त्या काळी केंद्रंच्या केंद्रं बळकावली जायची, हेही विसरलेलो नाही. पेट्यांकडे परत चला, असं मी म्हणत नाही.)

२०१० साली काय झालं ते आठवा. हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गाँग्रिप यांनी एक खरंखुरं मतदान यंत्र उघडून तपासलं. मतं साठवणाऱ्या मेमरी चिपवर छोटासा चिमटा लावून आतले आकडे बदलता येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मतदान आणि मोजणी यांच्या मधल्या दिवसांत हे करता येईल, असा त्यांचा मुद्दा. ते यंत्र आपल्या मुंबईच्या सरकारी गोदामातलं होतं. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हरी प्रसादांना अटक केली, यंत्र चोरल्याच्या आरोपावरून. गोदामातून यंत्र बाहेर जाऊ शकतं, हे तर त्या आरोपानेच मान्य केलं की!

त्यानंतर यंत्रं बदलली, उघडली तर बंद पडतात, प्रोग्रॅम एकदाच भरता येतो, असं आयोग सांगतो. असेल. निकाल फिरवल्याचा पुरावा कोणी कोर्टात सिद्ध केलेला नाही, हेही खरं. मग तपासू द्या ना! २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना तशी मुभा दिली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची 'बर्न्ट मेमरी' तपासून घेता येईल, सात दिवसांत अर्ज करायचा, खर्च उमेदवाराचा. तपासणार कोण? यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचेच इंजिनियर! पेपर मी काढला, मीच तपासला आणि फेरतपासणीचा अर्जही माझ्याकडेच आला... तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी हे चालवून घेतलं नसतं.

आणि फी? सुरुवातीला एका संचाला जीएसटीसकट ४७,२०० रुपये. एवढे भरल्यावर आयोगाच्या पद्धतीत काय व्हायचं, तर जुना डेटा काढून नमुना मतदान. अहो, ज्या वहीवर शंका आहे तीच कोरी करून त्यात नवं गणित सोडवून दाखवायचं आणि म्हणायचं, बघा, मुलगा हुशार आहे! शेवटी ११ फेब्रुवारी २०२५ ला सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठाला सांगावं लागलं की डेटा पुसू नका, पुन्हा भरू नका. हे सांगावं लागलं, याची लाज कोणाला वाटली का?

हे सगळं लोकसभा-विधानसभेच्या यंत्रांबद्दल झालं. महापालिकेच्या यंत्राला तर चिठ्ठीही नव्हती. माझ्या चार मतांची नोंद म्हणजे फक्त ती मेमरी. म्हणून माझं म्हणणं एवढंच. जिथे कागद नाही तिथे मेमरीचा आकडा मतदान संपताच एजंटांसमोर लिहून द्या, मोजणीच्या वेळी जुळवा, आणि तपासायला कंपनीबाहेरची माणसं बोलवा. नातू म्हणतो, यात अशक्य काही नाही, त्याच्या ऑफिसात साध्या मीटरसाठीही करतात.

सकाळच्या फिरण्यात दोन तट आहेत. एक म्हणतो सगळं हॅक आहे, दुसरा म्हणतो शंका घेणारा देशद्रोही. उद्या मी हे वाचून दाखवणार आहे, बहुतेक दोघेही चिडतील. धाकट्या भावाची अकोल्याहून लांबलचक प्रतिक्रिया येईलच, तो निवडणूक शाखेत होता. लिही रे, वाट बघतोय.