दोन तासांचं ट्रेनिंग

आमची सूनबाई इथे इंदुरातच प्राध्यापिका आहे. त्यांच्याकडे मूडल आलं. दोन तास पीपीटी दाखवली, मग चहा-समोसा, झालं ट्रेनिंग!

२०२१ च्या यूजीसी नियमांप्रमाणे सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय मुलांना 'स्वयम्'वरून घेता येतात. म्हणजे ऑनलाइन शिकवणं आता हौसेचं राहिलेलं नाही.

बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही कित्येक दिवस लेजर आणि मशीन दोन्ही चालवलं. संध्याकाळी दोन्हीकडचा बॅलन्स जुळेपर्यंत घरी जायचं नाही. कटकट होती खरी, पण शिकलो ते त्यातूनच, भाषणातून नाही.

माझं म्हणणं, सरांना आधी त्याच मूडलवर विद्यार्थी म्हणून बसवा. असाइनमेंट अपलोड करू द्या, वेळ संपून क्विझ बंद पडू द्या, मार्क कुठे दिसतात ते शोधू द्या. मग स्वतःचा एकच धडा चढवायला सांगा. आणि हाक मारली की येणारा एक माणूस सत्रभर विभागात ठेवा. साठीला टेकलेल्या माणसाला पंचविशीच्या पोरासमोर 'जमत नाही' म्हणायची लाज वाटते हो! मग तो जुन्या नोट्सची पीडीएफ टाकून मोकळा होतो, आणि मुलं ती उघडतसुद्धा नाहीत.