पावसाळ्यापूर्वी कंत्राटदार नेमताना

एप्रिलच्या उन्हात गळक्या छपराची आठवण फारशी कोणाला होत नाही. एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षिकेला मात्र ती झाली. आदल्या पावसाळ्यात खोलीच्या छताला ओल धरली होती, रंगाचे पोपडे पडले होते आणि मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पातेले ठेवण्याची वेळ आली होती. यजमानांच्या ओळखीतून एक कंत्राटदार आला. गच्चीवर दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, ''वहिनी, काळजीच करू नका. हे आपल्या घरचंच काम समजा. दहा वर्षं थेंब येणार नाही.'' बोलणे गोड, माणूस ओळखीचा. कागद करावा हे कोणाला सुचले नाही. मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून निम्मी रक्कम उचल म्हणून देऊन टाकली.

चार दिवस काम झाले, मग दहा दिवस कोणी फिरकले नाही. मेअखेर उरलेले पैसे आधीच मागून नेले आणि कोबा घाईघाईने उरकला. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि त्याच जागी टपटप सुरू झाली. फोन केला तर उत्तर आले, ''पाऊस थांबू द्या, मग बघू.'' पाऊस थांबल्यावर मात्र त्याने फोन उचलला नाही.

अशी गोष्ट दर चार घरांआड ऐकू येते. कोकणात कौलारू घरांची कौले चाळायला पावसाआधी दरवर्षी गडी येत असे. यंदा काम वाईट केले तर पुढच्या वर्षी त्याला त्याच अंगणात उभे राहायचे असे. त्याची परीक्षा दर पावसाळ्यात आपोआप होई. स्लॅबच्या घराला कंत्राटदार दहा-पंधरा वर्षांतून एकदा लागतो. तो पुन्हा भेटेलच असे नाही. म्हणून त्याची परीक्षा पैसे हातचे जाण्याआधीच व्हायला हवी.

आधी दुखणे ओळखा

ओल दिसली की गच्चीचे काम काढायचे, ही पहिली चूक. ओल फक्त पावसात येत असेल तर गच्ची, कठडा किंवा बाहेरच्या भिंतीतील भेगांकडे संशय जातो. भर उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल तर पाणी बहुधा वरच्या न्हाणीघरातून, नळाच्या पाइपातून किंवा पाण्याच्या टाकीतून येत असते. अशा वेळी गच्चीवर कितीही पैसे ओतले तरी ओल तशीच राहते.

छताला तांबूस डाग पडले असतील, गिलावा फुगून आतली सळई दिसत असेल, तर आतल्या लोखंडाला गंज चढला आहे असे समजावे. तेथे कंत्राटदाराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. त्याची फी जड वाटते, पण ज्याला काम मिळणार नाही अशा माणसाचा सल्ला निःपक्षपाती असतो. जुना कोबा न काढता त्यावर नवा चढवण्याचा सोपा मार्गही काही जण सुचवतात. त्याने स्लॅबवरचा भार वाढत जातो आणि जुनी भेग खाली तशीच राहते.

तीन अंदाजपत्रके, पण एकाच कामाची

निदान तीन जणांकडून दर घ्यावेत. मात्र एकाने फक्त वरून लेप द्यायचा आणि दुसऱ्याने जुना कोबा फोडून नवा घालायचा दर दिला, तर तुलना कशी होणार? म्हणून काय करून हवे ते आधी कागदावर लिहावे आणि तोच कागद तिघांना द्यावा.

मोजमाप स्वतः घ्यावे. टेप घरात असतोच. ३० फूट लांब आणि २० फूट रुंद गच्ची म्हणजे ६०० चौरस फूट, मिस्त्रींच्या भाषेत सहा ब्रास. कठड्यावर चारही बाजूंनी एक फूट उंचीपर्यंत काम न्यायचे तर आणखी १०० चौरस फूट, म्हणजे सातवा ब्रास. हा हिशेब घरच्या माणसाला ठाऊक आहे असे दिसले की सातचे नऊ ब्रास होत नाहीत.

सर्वांत कमी दर पाहून हुरळून जाऊ नये. जुना कोबा फोडणे, राडारोडा उचलून नेणे, परांची बांधणे, पाण्याचा टँकर, यांतले काय दरात आहे आणि काय नाही ते विचारावे. स्वस्त काम पुष्कळदा याच खर्चांमुळे महाग पडते.

दोन पावसाळे काढलेले काम पाहा

''आमची कामे बघा,'' असे म्हणून कंत्राटदार बहुधा गेल्या महिन्यातील चकचकीत काम दाखवतो. नवे काम सगळ्यांचेच सुंदर दिसते. दोन-तीन पावसाळे झालेल्या कामाचा पत्ता मागावा आणि तेथे त्याच्याशिवाय जावे. घरातल्या बाईंना विचारावे: वेळेवर आले का? मध्येच पैसे वाढवून मागितले का? पुन्हा बोलावले तेव्हा आले का? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच माणूस कळतो. त्याचे दुकान किंवा कायमचा पत्ताही पाहून ठेवावा.

कागदावर काय असावे

करार ओळखीच्या माणसाशीही करावा. त्यात अविश्वास नाही. उलट दोघांच्याही आठवणीत फरक पडू नये म्हणून तो असतो. त्यात क्षेत्रफळ, दर, कामाचा प्रकार, मालाची कंपनी व प्रत, सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख, माल कोणी आणायचा, पाणी कोणी पुरवायचे हे लिहावे. गच्चीचा ढाळ पाणी जाण्याच्या तोंडाकडे असेल आणि कठडा व गच्ची मिळतात तेथे गोलाकार भराव दिला जाईल, हेही लिहावे. पाणी बहुतेक वेळा तेथूनच शिरते.

''दहा वर्षांची गॅरंटी'' हे शब्द मोठे वाटतात. पण ती मालाची की कामाची? गळती झाल्यास किती दिवसांत येणार? तेव्हाचा माल कोणाच्या खर्चाने? हे लिहिलेले नसेल तर त्या गॅरंटीला अर्थ नाही. ''बिल नको, कर वाचेल,'' असे सांगितले तरी पक्के बिलच घ्यावे. वाचलेल्या करापेक्षा हातातला पुरावा मोलाचा असतो.

पैसे कामाच्या मागून

उचल द्यावी लागतेच. मजुरांची हजेरी रोजची असते. पण पैसे कामाच्या पुढे धावू नयेत. समजा काम ८०,००० रुपयांचे ठरले. सुरुवातीला १२,००० द्यावेत. जुना कोबा निघून माल दारात आला की २४,००० आणि नवा कोबा व ढाळ पूर्ण झाल्यावर २८,००० द्यावेत. पाण्याची चाचणी झाल्यावर ८,००० आणि पावसाचा पहिला महिना कोरडा गेल्यावर उरलेले ८,०००. हा शेवटचा हप्ता करारातच लिहावा, म्हणजे नंतर तोंडे वाकडी होत नाहीत. रक्कम चेकने किंवा बँकेमार्फत द्यावी; रोख दिल्यास पावती घ्यावी.

जी घरात असते, तिचे लक्ष

कंत्राटदार व्यवहार रविवारी ''साहेबां''शी ठरवतो, पण काम सोमवार ते शनिवार गृहिणीच्या डोळ्यांसमोर चालते. तिने काही विचारले की, ''मी साहेबांशी बोलतो,'' असे उत्तर मिळते. म्हणून करारावर तिचीही सही असावी आणि तिच्या सांगण्याला मान देण्याचे पहिल्याच दिवशी ठरावे.

तिने एका वहीत रोज किती माणसे आली, सिमेंटच्या किती गोणी फुटल्या ते टिपावे. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट घेऊ नये, कारण साठवणीत त्याची ताकद कमी होते. वॉटरप्रूफिंगच्या द्रावणाचे रिकामे डबे काम संपेपर्यंत टाकू देऊ नयेत. वापर ठरल्याप्रमाणे झाला की नाही ते डबे मोजले की कळते. झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवावे. नवा कोबा निदान सात दिवस ओला ठेवावा लागतो. मेच्या उन्हात यात कसूर झाली तर नव्या कोब्यालाच भेगा पडतात.

पावसाआधीच पाणी

काम वाळले की गच्चीवरील पाणी जाण्याची तोंडे बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभे ठेवावे आणि खालच्या छतावर नजर ठेवावी. डाग उमटला तर माणसे आणि माल अजून हाताशी असतात, शेवटचे हप्तेही आपल्याकडे असतात. दोन इंच पाण्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो होतो, म्हणून जुन्या, अशक्त स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नये.

हा खर्च तुमचा आहे का?

फ्लॅटधारकांनी खिशात हात घालण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती संस्थेने करायची असते. इतर राज्यांतील वाचकांनी आपल्या संस्थेचे नियम पाहावेत. इमारत नवी असेल तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातील दोष, कळवल्यापासून ३० दिवसांत, विनाशुल्क दूर करण्याची जबाबदारी बिल्डरची असते.

कंत्राटदाराने फसवले तर त्याला प्रथम लेखी नोटीस द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. करार, बिल आणि ती साधी वही येथे कामी येते.

त्या शिक्षिकेकडे यातले काहीच नव्हते, म्हणून तक्रारही झाली नाही. पुढच्या वर्षी मेच्या सुटीत तिने दुसरा माणूस नेमला. या वेळी करारावर तिची सही होती. कोबा पुरा झाल्यावर गच्चीवर दोन दिवस पाणी उभे राहिले. पहिल्या रात्री कठड्याच्या एका कोपऱ्याखाली ओल दिसली. मिस्त्रीने सकाळी येऊन तो कोपरा फोडला, नव्याने भरला आणि न कुरकुरता पुन्हा पाणी भरले. शेवटचा हप्ता तिने जुलैत दिला, तेव्हा बाहेर पाऊस पडत होता आणि मुलगी त्याच टेबलावर वह्या पसरून बसली होती.