घरचे आरोग्य : ब्रेस घालूनच बूट घ्यायला जा

पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लास्टिकचा ब्रेस आपल्या वस्त्यांना नवा नाही. लकवा झालेले वडील, सेरेब्रल पाल्सीचे मूल, पूर्वी पोलिओ झालेली ताई यांना तो लागतो. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, पण त्याआधी अधू झालेल्या पायांना आधार आजही हवाच. मात्र ब्रेस बुटात बसत नाही म्हणून अनेकदा माळ्यावर पडतो आणि माणूस घरात अडकतो.

म्हणून ब्रेस घालूनच दुकानात जा. अर्धा-एक नंबर मोठा, पुढे रुंद आणि चवड्यापर्यंत उघडणारा, नाडीचा किंवा वेल्क्रोचा बूट घ्या. ब्रेसच्या बाजूच्या बुटातला सुटा तळ काढला की जागा होते. दुसऱ्या बुटातला तसाच राहू द्या. बुटाची टाच आधीच्याइतकीच असावी. ती उंच झाली तर गुडघा पुढे ढकलला जातो. जुना बूट वापरायचा असेल तर बूट शिवणारे कारागीर त्याचे तोंड पुढे उघडून पट्टा लावून देतात.

आत लांब सुती मोजा, सुरकुती न ठेवता घाला. टाच मागे टेकवून आधी घोट्याचा पट्टा आवळा, मग बूट चढवा. ब्रेस काढल्यावर त्वचा पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही किंवा फोड आला, तर ब्रेस करणाऱ्याकडे जा. घरी तो तापवू-कापू नका. मधुमेहाने पाय बधिर असेल तर जखम दुखत नाही, म्हणून रोज पाहा.

उमेळ्याच्या लोकांनी नायगावहून लोकलने महालक्ष्मी गाठावे. तेथून जवळच, हाजी अलीला, १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

शाळा गणवेशाच्या बुटासाठी अडून बसली, तर डॉक्टरांची चिठ्ठी द्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणे मान्यताप्राप्त शाळेचे कर्तव्य आहे.

विहारात बूट काढल्यावर ब्रेस फरशीवर घसरतो. अशा उपासकाला दाराशी ताटकळत ठेवू नका. धुतलेला वेगळा जोड आत घालू द्या, एक खुर्ची ठेवा. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले होते. आपल्याला फक्त खुर्ची पुढे करायची आहे.

जय भीम!