महासंगणक कायम, माणसे हंगामी

महासंगणकाशी मुंबईच्या उपनगरांचे नाते जुने आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९०च्या दशकात ‘अनुपम’ ही समांतर संगणकांची मालिका घडवली. जुहूला सीडॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेचे केंद्र आहे, पवईला आयआयटी. पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सीडॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. पुढे २०१५मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला साडेचार हजार कोटींची मंजुरी मिळाली.

यंत्रे आली. त्यांना राबवणाऱ्यांचे काय?

पावसाचा अंदाज असो वा औषधाचा रेणू, हजारो प्रोसेसरांत काम वाटून देणारी आज्ञावली लिहायला अनेक वर्षांचा सराव लागतो. असा सराव करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. प्रकल्पावरची नेमणूक असेल, तर प्रकल्पाबरोबर तीही संपते. घाटकोपर-मुलुंडला भाड्याने राहणाऱ्या तरुणाला खासगी कंपनीची वाट धरल्याबद्दल दोष कसा द्यायचा?

केंद्र सरकारने आणि विद्यापीठांनी संगणन-अभियंत्यांची कायम पदे निर्माण करावीत. महासंगणकाच्या खरेदीला मंजुरी देतानाच त्यांच्या पगाराचीही तरतूद व्हावी.